शाश्वत गतीचे यंत्र

शाश्वत गतीचे यंत्र अशक्य आहे, हे सोलापुरातला भौतिकशास्त्राचा विद्यार्थी उत्तरपत्रिकेत प्रामाणिकपणे लिहितो. मग बँकेत जाऊन तेच यंत्र सही करून घरी आणतो.

शैक्षणिक कर्जाची योजना खरोखर कौतुकास्पद आहे. चार लाखांपर्यंत तारण नको. सहकर्जदार म्हणून यंत्रमागावरच्या वडिलांची सही चालते. अभ्यासक्रम संपून वर्ष होईपर्यंत हप्ता थांबतो. व्याज थांबत नाही. न्यूटनचा पहिला नियम वर्गात सगळ्यात नीट व्याजालाच कळलेला असतो. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला चौथ्या वर्षाची सोय केली, तीही व्याजाच्या सर्वांगीण विकासाला पूरकच.

मिळकतीची बाजू तर फारच भक्कम. 2023 च्या तलाठी भरतीत जागा 4,644, अर्ज दहा लाखांहून अधिक. पात्रता कोणतीही पदवी. परीक्षेला मराठी, इंग्रजी, सामान्यज्ञान आणि अंकगणित-बुद्धिमापन. भौतिकशास्त्र हा विषयच नाही. म्हणजे पुंजयांत्रिकी शिकलेल्याला तिची आठवण करून देण्याचा क्रूरपणा शासनाने कटाक्षाने टाळला.

शुल्क खुल्या गटाला हजार, राखीव गटाला नऊशे. सगळे अर्ज नऊशेनेच गुणले तरी नव्वद कोटींच्या पुढे जातात. पदवीतून उत्पन्न होत नाही, ही तक्रार तेवढ्यावर निकाली निघावी. ते कोणाचे, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.

आता विद्यापीठाने पदवीदान समारंभात प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूलाच हप्त्यांचे वेळापत्रक छापून द्यावे. फ्रेमचा खर्च वाचेल.