फरक कळतो का?

ज्याने दूध सोडले आहे त्याने ते आपल्यापुरते सोडावे आणि स्वस्थ बसावे, एवढीच माझी माफक अपेक्षा असते. परंतु या पंथात नव्याने दाखल झालेला इसम स्वस्थ म्हणून बसत नाही, हे वाचकांस मी सांगावयास नको, कारण त्यांच्याही इमारतीत असा एक जण असणारच. आमच्या कोथरूडच्या इमारतीत ते अण्णासाहेब आहेत. भूमापन खात्यात उभी हयात घालवून, फेरफारांच्या नोंदी तपासता तपासता डोळे अधू करून घेऊन निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी, जर्मनीहून चार दिवसांकरिता आलेल्या कन्येच्या उपदेशावरून, दूध, दही, ताक, लोणी, तूप आणि मध या सर्वांस एका हुकुमान्वये घरातून बडतर्फ केले. इथवर माझी काही हरकत नव्हती.

हरकत आहे ती शेंगदाण्याच्या दह्याला. रात्री भिजत घातलेले दाणे सकाळी सोलून वाटावे, फडक्यातून त्यांचे दूध पिळून काढावे, ते उकळून कोमट करावे आणि दह्याचे विरजण निषिद्ध म्हणून त्यात हिरव्या मिरच्यांची देठे सोडून भांडे झाकून ठेवावे, अशी ही विधिपूर्वक क्रिया आहे. आणि दही खरोखरीच लागते, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. परंतु ते लागले की अण्णासाहेब वाटी घेऊन जिना उतरतात. “खाऊन पाहा. फरक कळतो का?” आता, तेलाच्या घाण्यावरचा संमिश्र वास ज्या पदार्थास येतो त्याविषयी शेजारधर्मास जागून मनुष्य काय बोलणार? “फारसा नाही,” असे मी पुटपुटलो, तोच त्यांनी खिशातील वही काढून ‘फरक नाही’ अशी नोंद केली आणि तिजवर माझी सही घेतली.

तेव्हापासून या प्रश्नातून कोणाचीही सुटका झालेली नाही. सोयाबीनच्या दुधाचा चहा, त्याच दुधात लिंबू पिळून केलेले पनीर, काजूची बासुंदी, असा एकेक मुद्देमाल दारोदार फिरू लागला. विजेचे मीटर वाचावयास आलेल्या एका मनुष्यास त्यांनी दाण्यांच्या दह्याचे श्रीखंड चारले आणि “फरक कळतो का?” असे विचारताच त्या भाबड्याने मीटरकडे पाहून “मागच्या महिन्यापेक्षा जास्तच आहे” अशी जबानी दिली, ती वहीत कोणत्या सदराखाली गेली ते कळले नाही. इमारतीच्या सत्यनारायणाला तर मोठाच पेच उभा राहिला. दूध, दही, तूप, मध आणि साखर या पंचामृताच्या पाच घटकांपैकी चार अण्णासाहेबांस त्याज्य. तेव्हा पर्यायी पंचामृताची कैफियत त्यांनी आरतीपूर्वीच गुरुजींपुढे मांडली. गुरुजींनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “साखरेस आपली हरकत नाही ना? मग आपण साखर घ्या.”

गांधीजींनी १९१२ मध्ये टॉल्स्टॉय फार्मवर दूध वर्ज्य केले होते, हा अण्णासाहेबांचा आवडता दाखला. मात्र पुढे १९१८ च्या दुखण्यानंतर त्यांनाही शेळीच्या दुधावर तडजोड करावी लागली, याची आठवण मी करून दिली तेव्हा “तो वैद्यकीय अपवाद आहे,” असा निर्वाळा देऊन, वनस्पतींतून मिळत नाही म्हणून डॉक्टरांनी दिलेली बी-१२ ची गोळी त्यांनी तितक्याच कायदेशीर मुद्रेने गिळली.

मला वैषम्य वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. अण्णासाहेब मूळचे मालवणकडचे. वहिनी दुपारी जे ताट वाढतात त्यात कुळथाची पिठी, फणसाची भाजी, सोलकढी, सणावाराला नारळाच्या गोड रसातले शिरवळे असे पदार्थ असतात, ज्यांचा गाईम्हशींशी पिढ्यान्‌पिढ्या काडीचाही संबंध आलेला नाही, आणि जे खाताना कोणत्याही कन्येस जर्मनीहून यावे लागलेले नाही. ते सारे अण्णासाहेब अवाक्षर न काढता चाटूनपुसून खातात; पण वहीत त्याची नोंद नाही. “त्यात काय नोंदवायचं? ते आपलं नेहमीचंच,” असे म्हणून ते पुन्हा मिरच्यांची देठे मोडू लागतात.

एकदा मात्र त्यांचा तपास अडला. आमचा रखवालदार मराठवाड्यातला. जिन्याखाली बसून ज्वारीची भाकरी, लाल मिरचीचा ठेचा आणि वर कच्च्या तेलाची धार, असे तो रोज जेवतो. त्यास पाहून अण्णासाहेबांस आपल्या पंथाचा जुना अनुयायी भेटल्याचा आनंद झाला. वही उघडून त्यांनी विचारले, “तुम्ही दूध केव्हा सोडलंत?”

“सोडायला आधी धरलेलं असावं लागतंय की, सायेब,” तो म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडता झाला.

अण्णासाहेबांनी काहीही न लिहिता वही मिटली. त्यानंतर चांगले आठवडाभर वाटी खाली आली नाही, आणि मी कृतघ्नपणे त्याचे समाधान मानले.

परवा पहाटे फिरावयास निघालो असता दुधाच्या केंद्रापाशी ते दिसले. अर्ध्या लिटरची पिशवी दोन बोटांच्या चिमटीत, अंगापासून होईल तितकी दूर धरून ते इमारतीकडे परतत होते. रखवालदाराच्या धाकट्या मुलीकरिता हे दूध त्यांनी लावले असून रोज स्वतः आणून देतात, ही बातमी वहिनींकडून माझ्या कानावर आलीच होती. तरीही मी समोर उभा ठाकून पिशवीकडे नुसते पाहिले. अण्णासाहेब कमालीचे ओशाळले. मग रिकाम्या हाताने त्यांनी वही काढली, अंगठ्याने पान उलगडले आणि ‘दूध, अर्धा लिटर, अमानत’ ही त्या दिवसाची नोंद माझ्यापुढे धरली.

“साक्षीदार म्हणून सही करा,” ते म्हणाले, “आणि हे जर्मनीस कळता कामा नये.”