सुटं मिळत नाही

चहा घ्या. डाळ-तांदूळ भिजवून मिस्त्रीला फोन लावत बसलेल्यांनी जरा पुढे सरकून बसा, तुमचंच प्रकरण आहे.

घाटकोपरच्या खाऊगल्लीत तव्यावर पडणारा डोसा सगळ्यांना दिसतो, मागचा ग्राइंडर कुणाला दिसत नाही. माझा कोईमतूरचा, दहा लिटरचा. भांड्याखालचं ऑइल सील झिजलं की पाणी शाफ्टवरून खाली उतरतं, बेअरिंग गंजतं आणि ग्राइंडर गल्लीभर किंचाळतो.

बेअरिंगबद्दल माझी तक्रार नाही. कडेवर 6204 कोरलेलं असतं. म्हणजे आतला व्यास 20 मिलिमीटर, बाहेरचा 47, जाडी 14. कुठल्याही कारखान्यातून निघो, मापं तीच. स्लो लोकलनं मस्जिदला उतरा, नागदेवी स्ट्रीटवर आकडा सांगा. दुकानदार मान वर न करता डबी पुढे करतो.

सीलवर मात्र अक्षर नाही. ‘सॅम्पल आणलंय?’ सॅम्पल म्हणजे मिस्त्रीनं पेचकसानं उचकटताना फाडलेलं रबर. दुकानदार ते व्हर्नियरमध्ये धरतो, उलटसुलट करतो आणि परत देतो. ‘हे स्पेशल आहे, कंपनीतूनच घ्या.’ कंपनीचं उत्तर तयार असतं: ‘सुटं मिळत नाही, भांड्यासकट सेट घ्यावा लागेल.’ चपलेचा अंगठा तुटला म्हणून चांभारसुद्धा नवा जोड घ्या म्हणत नाही हो! त्यात नागदेवी रविवारी बंद, आणि डोसा खायला माणसं रविवारीच येतात.

आता शासनाकडे वळू. 24 डिसेंबर 2022 रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्रानं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. क्षेत्रं चार: शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं. सदर यादीत हॉटेलचा भटारखाना नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर धंद्यासाठी वस्तू घेणारा ग्राहकच धरला जात नाही. स्वतः राबून त्यावर पोट भरणाऱ्याला तेवढी सूट आहे. म्हणजे आधी पोट कशावर भरतो ते सिद्ध करा, मग बोटभर रबर मागा.

बेअरिंगवर तीन मापांचा आकडा कोरता येतो, तर सीलवरही येतो. तो कोरा, आणि सील सुटं विका. जागेची अडचण सांगू नका. ग्राइंडरच्या पाटीवर कंपनीचं नाव, व्होल्ट आणि अश्वशक्ती छापून झाल्यावरही खाली दोन ओळींची जागा उरते. मी पाटी पुसून पाहिली आहे.