चिठ्ठी पहिली आली

व्हिडिओचा सारांश काढणाऱ्या प्रणालींची परीक्षा फार शिस्तीत होते, याबद्दल संबंधितांचं अभिनंदन. लांबी मूळ चित्रणाच्या १५ टक्के. निवडलेले तुकडे माणसांनी निवडलेल्या तुकड्यांशी किती जुळले ते मोजायचं आणि आकडा छापायचा. पाहणाऱ्याला काही कळलं का, असले घरगुती प्रश्न विचारायचे नाहीत. २०१९ मध्ये काही संशोधकांनी या परीक्षेला चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, न बघता उचललेले तुकडे बसवले. ते नामांकित पद्धतींच्या बरोबरीने उत्तीर्ण झाले; काही ठिकाणी तर खुद्द माणसांना मागे टाकून.

यावरून काहींनी परीक्षेतच खोट काढली. कोती मनं! आमचं म्हणणं, कंत्राट चिठ्ठीलाच द्या. ३ तासांच्या लग्नाचा २७ मिनिटांचा सारांश: मांडवाचा खांब, जिलबीचं ताट, मामांची पाठमोरी टोपी, पुन्हा खांब. अंतरपाट दूर होतो तेवढं नेमकं गळालेलं. वधूपिता तक्रार घेऊन आलाच, तर त्यालाही रीतसर परीक्षेला बसवावं. मात्र चिठ्ठीपेक्षा कमी गुण पडल्यास कार्यालय जबाबदार नाही, असं आधी लिहून घ्यावं.