गुणांची पैसेवारी

महसूल खात्यात एकतीस वर्षे पिकांची पैसेवारी लावण्यात घालवलेल्या माणसाला कशाचीही पारख करता येते, असा किल्लारीत एक समज आहे. आणि तो खोडून काढण्याइतका प्रामाणिकपणा माझ्या अंगी नसल्यामुळे, पंचक्रोशीतल्या एका शाळेने भरवलेल्या बास्केटबॉलच्या सामन्यांत सर्वोत्कृष्ट खेळाडू निवडण्याची जोखीम गेल्या हिवाळ्यात माझ्या गळ्यात पडली. दहा फुटांवर एक लोखंडी कडे असते आणि त्यातून चेंडू टाकायचा असतो, यापलीकडे त्या खेळाशी माझा परिचय नव्हता.

पैसेवारीच्या तीन पायऱ्या असतात : नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम. नजरअंदाजासाठी मी आजोबांचे स्मरण केले. हाळीच्या बाजारात देवणी बैल घेताना ते खांदा दाबत, भोवरा पाहत, दात मोजत. दातांचा मोह आवरून मी उंची, पोटऱ्या आणि पंजे एवढ्यावर भागवले व सर्वांत उंच मुलाच्या नावापुढे खूण केली. शेजारी बसलेले क्रीडाशिक्षक हसले. अमेरिकेच्या एनबीएत पाच फूट तीन इंच उंचीचा मग्सी बोग्ज चौदा हंगाम खेळला, हे त्यांनी सांगितल्यावर माझी खूण जरा फिकट झाली.

सुधारित पैसेवारीसाठी मी गुणफलकाकडे वळलो. ज्या जिल्ह्याने ‘लातूर पॅटर्न’ जन्मास घातला, तेथे गुण आणि गुणवत्ता यांत भेद करणे हा जवळजवळ राजद्रोहच; आणि उंच मुलाचे गुण तर बावीस होते! तेव्हा शिक्षकांनी वही पुढे केली. तो मैदानात असताना संघ नऊ गुणांनी मागे पडला होता. उलट अवघे दोन गुण मिळवणारा एक काडीपैलवान आत असताना चौदांनी पुढे गेला होता.

मग मी त्या काडीपैलवानाला न्याहाळू लागलो. प्रतिपक्षाच्या म्होरक्याला तो वळूच देत नव्हता. चेंडू कड्यावर आदळून खाली येण्याआधीच पाठ लावून गडी अडवून धरी, म्हणजे सोबत्याला तो सुखाने झेलता यावा. आणि चेंडू स्वतःच्या हाती आलाच, तर उसना पैसा परत करावा तशा तत्परतेने पुढे देऊन मोकळा होई.

“साहेब, पॉइंट टाकणाऱ्याच्या नावावर पडतेत,” शिक्षक म्हणाले, “वाट करून देणाऱ्याचं कोण लिहितंय? पण एका मॅचच्या आकड्यावरबी जाऊ नका. सोबती कोण, समोर कोण, त्यावर समदं फिरतंय.”

ज्यांचा हाच धंदा, त्या एनबीएच्या पारख्यांनीही २०१४ साली निकोला योकिच याच्याआधी चाळीस नावे उचलली होती. पुढे तोच तीनदा तेथील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. मग माझ्यासारख्याने अंतिम पैसेवारी लावावी तरी कशाच्या आधारे?

आधार घरचाच सापडला. आमच्या वाड्याची अडीच फूट रुंद दगडी भिंत आणि वरचे मातीचे माळवद पाहून सोयरे निःशंक मनाने मुली देत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात गावावर जे ओढवले ते विनोदी लेखात सांगण्याजोगे नाही. परंतु ती भिंत विस्कटली आणि परसातले काडाचे छप्पर शेळ्यांसह उभे राहिले, एवढे सांगितलेच पाहिजे. भिंतीची रुंदी आम्ही पिढ्यानपिढ्या मोजत आलो होतो. तिच्या दोन्ही पदरांना आरपार धरून ठेवणारा एखादा लांब दगड आत आहे की नाही, हे कोणीच पाहिले नव्हते.

मी निवाडा लिहिला आणि काडीपैलवानाचे नाव पुकारले. त्याच्या वडिलांनीच “कशाबद्दल?” असे विचारले, यावरून निर्णय किती लोकप्रिय झाला असेल याची कल्पना यावी. मुलगा बिचकत पुढे आला. ढाल हाती पडताच, क्षणभरही न बाळगता, त्याने ती शेजारच्या उंच मुलाकडे सरकवली. आणि छायाचित्रात ती त्या उंच मुलाच्याच हातात आहे.