म्युनिकला गाडी घेणाऱ्या पुतण्यास खुलं पत्र

मु. पो. वडगाव निंबाळकर, ता. बारामती

श्रीमंत अमेरिकानिवासी पुतणेसाहेबांस काकाचा साष्टांग नमस्कार. आशीर्वाद लिहायचा होता, पण परदेशात गाडी ताब्यात घेतलेला माणूस आपल्या भावकीत दुसरा नाही, म्हणून हात आखडला.

तुझी खरेदी 2019 ची. तिचा व्हिडिओ तू दर सुट्टीत दाखवतोस, आता तो अख्ख्या आळीला तोंडपाठ आहे. राहणार न्यू जर्सीत, पैसे भरणार तिथल्याच शोरूमला आणि गाडी घ्यायला जाणार जर्मनीला! तिथं बीएमडब्ल्यूचं 2007 साली उघडलेलं ते 'वेल्ट'. तू जिन्यावरून रुबाबात उतरतोस, खाली गाडी चकतीवर स्वतःभोवती फिरत असते. तुझ्या आत्यानं पहिल्याच वेळी विचारलं, "नारळ कुठं फोडला?" तू म्हणालास, तिथली फरशी महागाची आहे. म्हणजे चाकाखाली लिंबू नाही, बॉनेटवर भंडारा नाही. किल्ली देणारा अनोळखी आणि फोटो काढणाराही अनोळखी.

अमेरिकन गिऱ्हाइकाला असं घेतलं की सूट मिळायची, हे कबूल. पण दोघांचं विमान आणि आल्प्समधली हॉटेलं कुणाच्या खिशातून गेली? व्होल्वोवाले तरी स्वीडनला न्यायला दोन तिकिटं द्यायचे. तू नेमकी तिकीट न देणारी गाडी निवडलीस.

मग ऑटोबान. बऱ्याच टप्प्यांत वेगाला मर्यादा नाही, 130 ची नुसती शिफारस, हे तू आम्हाला नकाशा काढून समजावलंस. पण नवं इंजिन सुरुवातीला ताणायचं नसतं, म्हणून तू उजव्या लेननं ट्रकांच्या मागं निमूट गेलास. व्हिडिओत एका ठिकाणी मागची नंबरप्लेट दिसते. तिच्या कडेला लाल पट्टी आणि पट्टीवरच मुदत संपायची तारीख. मुदतीच्या आत गाडी बंदरात दिलीस, ती बोटीत चढली, तू विमानात. महिना-दीड महिन्यानं पुन्हा त्याच शोरूममध्ये जाऊन तीच गाडी पुन्हा ताब्यात! आपल्याकडं एक ऊस दोन कारखान्यांना घातला तर नोटीस येते. तुझी ती योजना कंपनीनं 2020 साली बंदच केली. त्यात तुझा हात नसावा.

आता आमची रीत ऐक. उसाचं बिल जमा झालं की बारामतीच्या शोरूमपुढं जीपभर माणसं उतरतात. सही करणारा एक, "सीटचं प्लॅस्टिक काढू नको" म्हणणारे बाकी सगळे. एमएच-42 च्या पुढचे आकडे कुठले, यावर महिनाभर खल झालेला असतो. बारामतीहून वडगावला येताना मोरगाव वाटेत लागत नाही. नव्या गाडीला मात्र लागतं. मग जेजुरी, मग करंज्याचा सोमेश्वर. गाडी दारात येईतो रात्र होते आणि डिझेल संपत आलेलं असतं.

आत्या म्हणते, "त्याची गाडी इकडंच आणू दे की." मी तिला सचिनची गोष्ट सांगितली. ब्रॅडमनच्या 29 शतकांशी बरोबरी केली म्हणून 2002 साली सिल्व्हरस्टोनला शूमाकरच्या हातून त्याला फेरारीची किल्ली मिळाली. गाडी फुकट, पण देशात आणायची तर कस्टम ड्युटीच कोटीच्या वर. सरकारनं माफी दिली तशी ओरड झाली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी पैसे फियाटनं भरले. तीही गाडी पुढं सुरतेच्या एका व्यापाऱ्यानं विकत घेतली. सचिनची ही गत, तर तुझं काय? शिवाय तुझं स्टिअरिंग डावीकडं. आत्या म्हणाली, "उजवीकडं करून घेता येत नाही का?" मी विषय बदलला.

गेल्या हंगामात तू मुंबईहून भाड्याच्या टॅक्सीनं आलास. नीरेपासून करंजेपुलापर्यंत पुढं दोन ट्रेलरचा उसाचा ट्रॅक्टर, त्यावर मोठ्यानं गाणी, मागं रिफ्लेक्टरचा पत्ता नाही. रिफ्लेक्टरबद्दल तुझा राग रास्तच, मीही कारखान्यावर तेच बोलतो. पण जर्मनीत ट्रकांमागं शेकडो किलोमीटर गप्प बसलेला माणूस इथं एका ट्रेलरमागं "या देशात काही होणार नाही" म्हणू लागला, तेव्हा ड्रायव्हरनं आरशातून तुझ्याकडं पाहिलं. तो होळचा निघाला. त्याचा स्वतःचा ऊस त्याच आठवड्यात तुटणार होता.

तर पुढच्या खेपेला व्हिडिओ आणू नकोस. गाडीचे पेढे अजून बाकी आहेत. मधल्या काळात भावकीत घरं वाढली, तेव्हा किलोचा हिशेब फोनवर कळवीन. व्याज सोडून दिलं आहे.

तुझा,
काका

ता. क. आत्या म्हणते, पेढे बारामतीचेच आण. जर्मनीला जाऊ नकोस.