रेंडर चालू आहे

सकाळच्या पुणे लोकलला मळवलीच्या फलाटावर उभी असलेली माणसं ओळखायला सोपी असतात. डबेवाला पिंपरी-चिंचवडच्या कंपनीत चाललाय, फायलीवाला वडगावला तहसील कचेरीत. या सगळ्यांत एकच प्राणी असा, की जो गाडीकडे न बघता लोकांच्या पायांकडे बघत असतो. टाच आधी टेकते की चवडा, पाऊल उचलताना खांदा कुठल्या बाजूला झुकतो, हात किती मागे जातो. बघतो, बोटांवर मोजतो आणि स्वतःशी पुटपुटतो. एका मावशींनी त्याला पाहून चपला काढून पिशवीतच टाकल्या. एकवीरेच्या पायथ्याचा चप्पलचोर आता स्टेशनातही यायला लागला, असं त्यांना वाटलं.

चोर नव्हे हो. तो बी.एस्सी. ॲनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला शुक्रवारी 'वॉक सायकल', म्हणजे पात्राची चाल, जमा करायची आहे.

त्याला घरी नाव आहे, पण गावात नाही. प्रवेश घेतला त्याच संध्याकाळी पारावर कुणीतरी विचारलं, "काय शिकतोस रं?" हा म्हणाला, "ॲनिमेशन, मल्टिमीडिया." "म्हंजी?" यानं सोपं करून सांगितलं, "कार्टून असतं ना, ते." तेव्हापासून तो 'कार्टून'. आता किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीतही तेच नाव आहे.

पहिलं सत्र चेंडूत गेलं. ॲनिमेशन शिकणारा जगात कुठेही असो, त्याला आधी चेंडू उडवावा लागतो. खाली येताना वेग वाढला पाहिजे, जमिनीवर आपटताना चेंडू चपटला पाहिजे, वर जाताना लांबला पाहिजे, आणि लोखंडी गोळा व रबरी चेंडू न सांगता वेगळे कळले पाहिजेत. हे सगळं सेकंदाला 24 चित्रांत. महिनाभर लॅपटॉपवर चेंडू टप टप आपटताना बघून बाप शेवटी बोललाच, "चेंडू आपसूक खाली येतो. त्याला फी कशाला भरायची?" न्यूटनला कुणी हे विचारलं असतं, तर त्यालाही उत्तर सुचलं नसतं असं माझं मत आहे.

कार्टूनचं सगळ्यात आवडतं वाक्य म्हणजे, "रेंडरला टाकलंय." म्हणजे संगणक एकेक चित्र पक्कं करत बसलाय. जेवायला ये म्हणा, दळण आण म्हणा, गाईला पाणी दाखव म्हणा, उत्तर एकच. लॅपटॉप मध्ये ठेवलेला असतो, त्याखाली हवा जावी म्हणून पोळपाट सरकवलेला असतो, पंखा घरघरत असतो आणि हा हाताची घडी घालून, म्हैस विण्याची वाट बघावी तसा समोर बसलेला. गणित साधं आहे. 30 सेकंदांची फिल्म म्हणजे 720 फ्रेम. त्याच्या जुन्या मशीनवर एका फ्रेमला पाच मिनिटं. म्हणजे 60 तास. सलग अडीच दिवस लाईट, तीही जुलैत, तीही मावळात! लोहगडावर ढग टेकला की गावातली बाकी मंडळी भजी तळायला घेतात आणि हा फाईल सेव्ह करायला धावतो.

गावात याच्या आधीही एक मल्टिमीडियावाला होऊन गेला. तो फ्लॅश शिकला होता. बटण दाबलं की अक्षरं गरगर फिरत यायची, तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोटं घातली होती. पुढे 2020 च्या डिसेंबरअखेर अडोबीनं फ्लॅश प्लेअरच बंद केला. तो आता बंगल्यांचं शनिवार-रविवारचं बुकिंग बघतो आणि कार्टूनपेक्षा दसपट कमावतो. कार्टूनच्या घरात हे उदाहरण आठवड्यातून दोनदा दिलं जातं.

कार्टूनही कमावतो म्हणा. पिक्सारला जायचं पक्कं असलं तरी तूर्त तो भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स करतो. हे काम सोपं समजू नका. भाऊंचा चेहरा दोन छटा उजळ हवा, गॉगल तसाच हवा, मागे लोहगड, वर एकवीरा आई, आणि खाली साठ-पासष्ट शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. फोटोशॉपमध्ये प्रत्येक फोटोचा एक लेयर. कुठला लेयर वर, कुठला खाली, हे कॉलेजात सर सांगतात. इथे मात्र ग्रामपंचायतीचं राजकारण सांगतं. गेल्या निवडणुकीत एका माजी सदस्याचा कान दुसऱ्याच्या फेट्याखाली गेला. रात्री अकराला पाचजण लॅपटॉपभोवती उभे होते आणि कार्टून तो कान पिक्सेल-पिक्सेलनं बाहेर काढत होता.

आता जरा बाजूचं बोलतो, पण बाजूचं नाही. ज्या गावात या पोराला 'कार्टून' म्हणून हसतात, त्या गावानं एके काळी घराघरांत देव पोचवले आहेत. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत काढलेला शिळाछापाचा कारखाना 1899 मध्ये इथं मळवलीला आणला. जर्मन यंत्रं, जर्मन कारागीर. एकेका रंगाला एकेक दगड. एकावर एक रंग चढत जायचा, आणि एखादा दगड केसभर सरकला की लक्ष्मीची नथ गालावर जायची. लेयर म्हणतात तो दुसरा काय असतो? दादासाहेब फाळके या छापखान्याचं काम करायचे, पुढे त्यांनी लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढला. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी काय केलं, तर कुंडीतलं वाटाण्याचं रोप एकेक चौकट टिपत वाढताना दाखवलं. 1915 मध्ये तर आगकाड्या पडद्यावर नाचवल्या. फाळक्यांनाही शेजाऱ्यांनी हेच विचारलं असणार, "कुंडीसमोर बसून पोट भरतं व्हय?" मळवलीचा छापखाना 1972 मध्ये आगीत गेला. कार्टूनच्या आजीच्या देव्हाऱ्यामागची लक्ष्मी मात्र अजून आहे, कडेनं वाळवी लागलेली. कार्टून तिला रोज बघतो आणि म्हणतो, "रेझोल्यूशन भारी आहे."

त्याची वॉक सायकल सरांनी तीनदा परत पाठवली. शेरा एकच : वजन दिसत नाही. पात्र चालतं, पण तरंगल्यासारखं. पोरगं फलाटावर पाय बघून थकलं. त्यात आली लावणी. इंद्रायणी भाताची रोपं तयार, खाचरात गुडघाभर चिखल, पाऊस तिरका, अन् मजूर मिळेना, म्हणून कॉलेज बुडवून यालाही उतरवला. हा बांधावर मोबाईल घेऊन उभा.

"आई, परत एकदा चाल ना. तिकडून इकडं."

"कशाला?"

"रेफरन्स पाहिजे."

"रोपांची मूठ घे अन् खाली उतर, लई रेफरन्स मिळंल."

उतरला. तेव्हा कळलं की चिखलातून पाय निघताना आधी टाच सुटते, मग चिखल पाऊल धरून ठेवतो, गुडघा वर येतो तरी पाऊल येत नाही, आणि सुटतं तेव्हा एकदम 'पचक'. कमरेला हिसका बसतो, खांदा मागून येतो. रात्री दुखऱ्या कमरेनं त्यानं तेच काढलं : डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेतलेली बाई, तीन पावलं. सरांनी ते दोनदा बघितलं आणि पूर्ण मार्क दिले. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "मी येवढी जाड हाय?"

यंदा त्याचा प्रोजेक्ट 'इंटरॅक्टिव्ह' आहे. विषय भाजे लेणी. तिथल्या एका विहाराच्या भिंतीवर हत्तीवर बसलेला एक थोर पुरुष कोरलाय, इंद्र म्हणतात त्याला, आणि हत्तीनं अख्खं झाड सोंडेत उपटून धरलंय. दोन हजार वर्षं तो ते तसंच धरून आहे. कार्टूननं ठरवलं, पडद्यावर हत्तीला बोट लावलं की हत्ती हलला पाहिजे. कोड लिहिला, हत्ती हलला. मग सरांनी फर्मावलं, संगणक न येणाऱ्या माणसाकडून तपासून आण. घरात आजी होती.

आजीनं टॅबलेट मांडीवर घेतला. इंद्र दिसला तशी आधी हात जोडले. बटणावर ठळक लिहिलं होतं 'सुरू करा', तिकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही. हत्तीच्या पायाला बोट लावून ते कपाळाला लावलं. पाय हत्तीचाच, त्यामुळे कोडनं इमानेइतबारे काम केलं. हत्ती झुलला, सोंड फिरली, झाड मुळासकट वर आलं. कार्टूनचा श्वास अडकलेला.

आजीनं बराच वेळ वाट बघितली. मग म्हणाली, "उपटलं ते बरं केलं. आता परत लावतो कुठं त्यो?"

हे कुणालाच सुचलं नव्हतं. सरांनाही नाही. कार्टून वही घेऊन बसला : झाड खाली ठेवायचं म्हणजे दोन सेकंद, 48 फ्रेम, फ्रेमला पाच मिनिटं, चार तास. बाहेर विसापूर ढगात गेला होता आणि दिवा दोनदा मिचकावून गेला. बाप दारात उभा राहून हे ऐकत होता. काही बोलला नाही. छत्री घेतली आणि इन्व्हर्टरला काय पडतात ते विचारायला लोणावळ्याला गेला.