वन्स मोअरचं बटण

मूळ रेकॉर्डिंगला जिथे चाळीस-पन्नास वादक बसलेले असत, तिथे आमच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डमागे मी एकटा उभा असतो. व्हायोलिनचा ताफा मीच, बासरी मीच, संतूर मीच, आणि निवेदकाचा विनोद पडला की मागून जे 'ढॅण्' होतं तेही मीच. नाईट मात्र एकाचीच मिळते. 'रूप तेरा मस्ताना'त केर्सी लॉर्ड यांनी अ‍ॅकॉर्डियन वाजवलं. पण तो तुकडा संपल्यावर घाईघाईनं व्हायोलिन होण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. माझ्यावर रोज येते. डावा हात कॉर्ड धरून असतो, उजवा सुरावट वाजवत असतो, आणि नेमक्या त्याच क्षणी टोन बदलण्यासाठी तिसरा हात हवा असतो. तो निसर्गानं दिलेला नाही. पाय मात्र दोन दिलेत, आणि कार्यक्रमभर ते काहीही न करता माझ्याइतकीच नाईट घेतात.

म्हणून फूट कंट्रोलर घ्यायचं ठरलं. जमिनीवर ठेवायची एक पट्टी, तिच्यावर बटणं. पायानं दाबलं की वर कीबोर्डवर टोन बदलतो. घरी कुणी हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती आमच्या ज्येष्ठ तबलावादकांनी.

"अरे, वाद्याला पाय लावतोस?"

"हे वाद्य नाही हो. याच्यातून आवाजच येत नाही."

"मग घेतोयस कशाला?"

आता यांना मिडी कसं समजावायचं? मिडीच्या तारेतून सूर जात नाही, नुसता हुकूम जातो. अमुक पट्टी दाबली, इतक्या जोरानं दाबली, आता तमुक नंबरचा टोन लाव. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ असे दोन प्रतिस्पर्ध्यांचे कीबोर्ड एका तारेनं जोडले, आणि एकावर वाजवलेलं दुसऱ्यातून ऐकू आलं. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांना त्याबद्दल २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी मिळाला. योग्यच झालं. दोन कंपन्यांचे कीबोर्ड एकमेकांचं ऐकू लागले. एकाच गावातले दोन कीबोर्डवाले अजून ऐकत नाहीत. त्या तारेच्या टोकाला पाच पिना असतात. कामाच्या तीन, उरलेल्या दोन नुसत्या हजेरीपटावर.

तबलावादकांना मी शेवटी ऑर्गनचा दाखला दिला. संगीत नाटकांच्या काळात ऑर्गनवाला दोन्ही पायांनी भाता मारत रात्रभर पदं वाजवायचा, तेव्हा कुणाला विटाळ झाला नाही. पुढे मांडी घालून वाजवता यावं म्हणून कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास पेटीचा भाता हाताला जोडला हे खरं, पण ती सोय होती, सोवळं नव्हतं.

"ऑर्गनवाला पायानं वारा घालायचा," ते म्हणाले. "तू पायानं हुकूम सोडणार."

याला उत्तर नाही. घरात मात्र हा प्रश्न सौ.नं खंडेनवमीला चुटकीसरशी सोडवला. कीबोर्डला फूल वाहिलं, माझ्या जुन्या पेटीला वाहिलं, आणि मित्राकडून बघायला आणलेल्या पेडलपाशी क्षणभर थांबून म्हणाली, "उंबरठ्यालासुद्धा पाय लागतोच की, आपण पूजतो ना?" आणि हळदीकुंकू थेट बटणावर. दुसऱ्या दिवशी मित्रानं विचारलं, की हे लाल कशानं झालंय.

बटणं किती हवीत, यावर कलावंतांत कधी एकमत होत नाही. आमचा गिटारवाला दहा बटणांचा घेऊन आलाय, शिवाय दोन्ही कडांना दोन एक्स्प्रेशन पेडल. तो मंचावर असतो तेव्हा त्याच्या पुढ्यात आणखी कुणाला उभं राहता येत नाही. गायिकेनं साडी नेसलेली असली की तिला लांबच्या माइकवर पाठवावं लागतं, कारण निऱ्यांनी एकदा सातवं बटण दाबलं होतं. दहाच्या दहा बटणांना त्यानं कामं वाटून दिलीत आणि ती त्याला पाठ आहेत, असं तो म्हणतो. कार्यक्रमात तो पहिलं आणि दुसरं वापरतो. उरलेल्या आठांकडे मधूनमधून बघतो.

पायाला दहा ठिकाणं लक्षात राहत नाहीत. हाताच्या बोटांना पट्ट्या न बघता सापडतात; पायाला अंधारात स्वतःची चप्पल सापडत नाही. त्यात मंचावरचा उजेड सगळा गायकावर. मग बटणाजवळचा दिवा बघायला मान खाली घालावी लागते, आणि समोरच्या रांगेतल्या आजी शेजारणीला म्हणतात, बिचाऱ्याला झोप येतेय.

नंबरांचं वेगळंच. मिडीत टोनचे नंबर एकशेअठ्ठावीस, पण यंत्र आतून शून्यापासून मोजतं, शून्य ते १२७. काही कंपन्या पडद्यावर शून्यापासून दाखवतात, काही माणसासारखं एकपासून. कंट्रोलर एका पंथाचा आणि कीबोर्ड दुसऱ्या पंथाचा निघाला, की तुम्ही मागितलेल्या टोनच्या शेजारचा टोन हजर. १९९१ पासून जनरल मिडी नावाची एक ठरलेली यादी आहे, ती एकदा जरूर वाचा. तिच्यात १०५ वर सतार आहे आणि १०६ वर बँजो. ११२ वर आपली सनईसुद्धा आहे, शेजारी ११३ वर किणकिणणारी घंटी. म्हणजे वरमाला पडताना एका घराची चूक झाली तर आइस्क्रीमची गाडी आल्यासारखं वाटणार. आणि यादीच्या शेवटी कुणा थोर विनोदी माणसानं १२७ वर टाळ्यांचा कडकडाट ठेवलाय, त्याच्या लगेच पुढे १२८ वर बंदुकीची गोळी. सत्कार समारंभात हे दोन टोन मी वापरत नाही.

दुकानदार यातलं काही सांगत नाही. तो सांगतो, "सर, यूएसबी आहे, डायरेक्ट लावा." हे 'डायरेक्ट' ऐकलं की खिशातलं पाकीट घट्ट धरावं. बऱ्याच कीबोर्डचं यूएसबीचं भोक हे संगणकाला जोडण्यासाठी असतं, आणि कंट्रोलरचंही तसंच. दोघांनाही वरून कुणीतरी आज्ञा करावी लागते. एकमेकांना जोडले तर दोघे सभ्यपणे गप्प बसतात. मध्ये लॅपटॉप तरी हवा, नाहीतर यूएसबी होस्ट नावाची आणखी एक डबी, आणि तिला आणखी एक अडॅप्टर. गणपतीच्या मांडवात माझ्या वाट्याला एकच प्लग येतो आणि त्यात आधीच झालरीच्या माळा असतात. म्हणून म्हणतो, मागे ते जुनं पाच पिनांचं गोल भोक आहे का, हे आधी बघा.

मांडवाचा विषय निघालाच आहे तर पायांचंही बोलतो. ही पेडलं बनवणारे लोक बूट घालतात. त्यांची बटणं लोखंडी, गोल, वर टोकदार आणि स्प्रिंग अशी कडक, की बुटाच्या टाचेलाच दाद देते. आपल्याकडे बाप्पा समोर बसलेले आणि मंच त्यांच्याच पुढ्यात; चपला खाली निघतात. दोन तास अनवाणी अंगठ्यानं ते बटण दाबून बघा. शेवटच्या गाण्यापर्यंत तुम्ही भैरवीच्या मनःस्थितीत आपोआप येता. सस्टेनच्या पेडलचीही एक खोड आहे. काही कंपन्यांची पेडलं दाबल्यावर जोडणी जुळवतात, काहींची तोडतात. आणि आपलं पेडल कुठल्या जातीचं, हे पुष्कळ कीबोर्ड चालू होतानाच तपासून घेतात. त्या वेळी तुमचा पाय चुकून त्यावर असेल तर सगळं उलटं होऊन बसतं. पाय उचलला की सूर लांबतो, दाबला की तुटतो.

एवढं सगळं बघूनही कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रकात मला हवी असलेली गोष्ट ठळक छापलेली सापडली नाही, ती म्हणजे मागे जाणं. तिकडचे वादक गाण्यांचा क्रम ठरवतात, सगळे टोन ओळीनं लावून ठेवतात आणि 'पुढे' हे एकच बटण दाबत कार्यक्रम पार पाडतात. आपल्याकडे वन्स मोअर आहे. गाणं संपतं, मी 'पुढे' दाबून पुढच्या लावणीची तयारी करतो, आणि तिसऱ्या रांगेतून हाळी येते. गायिका हसून मान डोलावते, ऱ्हिदमवाले उचलतात, आणि मी हळुवार भावगीताच्या सुरुवातीला तुतारी फुंकतो. त्यात निवेदकाकडे फर्माइशीच्या चिठ्ठ्या येऊ लागल्या की क्रम कुणाचा आणि यादी कुणाची!

तेव्हा माझा निकाल असा: चार बटणं. एक पुढे, एक मागे. तिसरं बासरीसाठी कायमचं राखीव, कारण मराठी गाण्यात कुठून तरी बासरी येतेच. चौथं गप्प करण्याचं. मिडीत सगळे सूर बंद करण्याचा हुकूम आहे, १२३ नंबरचा, आणि एखादा सूर अडकून तंबोऱ्यासारखा वाजत राहिला की त्याच्याइतकं प्रिय दुसरं काही नसतं. आवाज कमीजास्त करायला एक पेडल, बस्स. पाचव्या बटणाचे पैसे कीबोर्डच्या चांगल्या स्टँडवर घाला.

आणि दुकानात कंट्रोलर काउंटरवर ठेवून हातानं दाबून बघू नका. दुकानदाराला तो फरशीवर ठेवायला सांगा, चपला काढा, समोर मान ताठ ठेवून अंगठ्यानं 'मागे' दाबा. पहिल्या झटक्यात सापडलं तरच पैसे द्या.